हजेरीच्या वहीतली संमती

"सरकार नसतं तर माणूस कसा जगला असता, ते पुस्तकात शोधू नका. आपल्या मावशींकडे बघा."

असं म्हणून सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी दारात उभी. हातात ट्रे, ट्रेमध्ये सरांचा एकट्याचा कप आणि दोन बिस्किटं. वर्गात साठ-सत्तर पोरं-पोरी, सगळी स्पर्धा परीक्षेची. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.

"मावशी खाडीवरच्या," सर म्हणाले. "चिखलात हात घालायचा, हाताला लागेल ते खायचं. उद्याचा विचार नाही. शेजारणीने टोपली सरकवली की तिच्या झिंज्या धरायच्या. कायदा नाही, पोलीस नाही, ज्याच्या अंगात जोर त्याचं राज्य. हीच ती नैसर्गिक अवस्था. बरोबर ना मावशी?"

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, जिवंत उदाहरण!" मग अजून हसले.

मी म्हटलं, "हो सर."

आणि मीपण हसले.

हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे लपवायचा मोह होईल. मी हसले. दात दाखवून. कप सरांच्या उजव्या हाताला ठेवला, बिस्किटांची बशी त्याच्या शेजारी, पदर सावरला आणि बाहेर आले. चहाच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. रडले नाही. रडण्यासारखं काय झालं, असं स्वतःलाच विचारत होते. सर काही वाईट माणूस नाहीत. दिवाळीला साडी देतात. ताप आला तर घरी पाठवतात. अकरा वर्षांत माझं नाव कधी विचारलं नाही, पण मावशी मावशी करतात.

आणि खरी गोष्ट सांगू? तो धडा मला पाठ होता. दर वर्षी नवी तुकडी आली की सर तोच धडा घ्यायचे आणि मी दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकायची. दहा वेळा ऐकला होता, आवडीने. अकराव्या वेळी कळलं की त्या धड्यात मीपण आहे.

मी कोण, ते सांगते. डोंबिवलीच्या पश्चिमेला इमारती संपतात आणि खाडी लागते, तिथे आमचं गाव. जुनं. आता इमारती इतक्या जवळ आल्यात की त्यांच्या गॅलरीतून आमच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसतं. घरांचे धड कागद कोणाकडे नाहीत. घरं बांधली तेव्हा कागद मागायला कोण आलं होतं? नवरा खाडीत जवळा मारायचा. मग वरून कारखान्यांचं पाणी सुटायला लागलं, मासा कमी झाला, नवराही छातीच्या दुखण्याने गेला. मी क्लासमध्ये झाडलोट आणि चहाला लागले. सकाळी खळं, दुपारी क्लास, असं माझं चाललेलं.

खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. आमचं खळं गावाच्या टोकाला, खाडीला लागून. ते काही आयतं मिळालेलं नाही. माझ्या सासूच्या सासूने आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी खाडीचा चिखल घमेल्यांनी वर आणला, त्यात भाताचा कोंडा आणि शेण घातलं आणि चोपण्याने चोपून चोपून जमीन केली. दर पावसाळ्यात ती खचते. दर वर्षी आम्ही पुन्हा चोपतो. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी माझ्या तळहाताला फोड आले होते ते त्या चोपण्याचे. घरं नवऱ्यांची, होड्या नवऱ्यांच्या. बायकांचं म्हणावं असं अख्ख्या गावात ते खळं तेवढं.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं सगळं क्लासच्या रद्दीतून. नोट्सच्या झेरॉक्स फिकट आल्या की सर टाकून द्यायचे, मी सुका जवळा बांधायला घरी न्यायची. एक दिवस बांधायच्या आधी वाचलं. मग सवयच लागली, वाचल्याशिवाय पुडी बांधायची नाही. शब्द अडले की टिटवाळ्याहून क्लासला एक मुलगी यायची, माझ्या चहाच्या खोलीत डबा खायची, तिला विचारायची.

"सार्वभौम म्हणजे काय गं?"

"ज्याच्या वर कोणीच नाही तो, मावशी."

"म्हणजे सासू."

ती पोळीचा घास हातात धरून किती वेळ हसत होती.

असं करत करत मी त्या तीन जुन्या गोऱ्या माणसांपर्यंत पोचले. अडीचशे ते साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. सरकारच्या हातात किती द्यावं आणि माणसाने आपल्यापाशी किती ठेवावं, यावर तिघांची तीन तोंडं. नावं लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ठाऊक आहेत, आणि आमच्या गावातल्या बायकांना नावांवाचून काही अडलं नाही.

पहिला घाबरलेला. त्याच्या देशात राजाची आणि प्रजेची लढाई जुंपली, हा पळून दुसऱ्या देशात राहिला. तो म्हणतो, माणूस मोकळा सोडला तर एकमेकांना खाईल. म्हणून सगळ्यांनी आपला अधिकार उचलून एकाच्या हातात द्यावा आणि एकदा दिला की परत मागू नये. राजा वाईट निघाला तरी चालेल, राजा नसणं नको. सर मला दाखवून शिकवत होते ते याचंच. मला या माणसाचा राग येत नसे. घाबरलेल्याचा काय राग करायचा? पण आमच्या खळ्यावर कधी पोलीस आला नाही, तरी कोणी कोणाच्या झिंज्या धरल्या नाहीत, हे त्याला कोण सांगणार? खळ्यावर प्रत्येकीचा पट्टा ठरलेला. विधवेचा पट्टा आधी ऊन येतं तिकडे. कोणी बाळंतीण असेल तर तिची मासळी शेजारीण पालटते. हे कोणत्या राजाने लिहून दिलं नाही.

दुसरा माझा आवडता. वैद्यकी शिकलेला, शांत डोक्याचा. तो म्हणतो, जीव, मोकळीक आणि मालमत्ता ही माणसाची आधीपासूनची. सरकार मागून आलं. लोकांनी ते राखणीला ठेवलंय. राखण करणाराच चोरायला लागला तर त्याला काढून टाकायचा हक्क लोकांचा. आणि एक गोष्ट अशी म्हणतो की मी जवळा बांधायची थांबले. ज्या जमिनीत तुम्ही आपले कष्ट मिसळले, ती जमीन तुमची.

अगं बाई, मी म्हटलं. मग खळं आमचं.

कागद नको, साहेब नको. पिढ्यान् पिढ्या आमच्या हातांनी चोपलेलं. मी तो कागद जवळ्याला वापरला नाही. देव्हाऱ्यामागे ठेवला. खरंच ठेवला, हसू नका.

तर त्या दिवशी, वर्ग माझ्यावर हसला त्या दिवशी, घरी येऊन मी तो कागद काढला. सरांनी मला पहिल्याच्या धड्यात बसवलं होतं. म्हटलं, बघू तर, माझ्या आवडत्याने मला कुठे बसवलंय. आजवर भक्तीने वाचत होते, तेव्हा पहिल्यांदा राग धरून वाचलं. आणि सापडलं. पानाच्या खाली, फिकट अक्षरांत. माझ्या नोकराने कापलेलं गवत माझं, असं तो सहज म्हणून जातो. कष्ट नोकराचे, मालकी याची. त्यापुढे, जी जमीन पडीक दिसते ती जो सुधारेल त्याची. म्हणजे समुद्रापलीकडच्या नव्या मुलखातल्या मूळ माणसांची जमीन पडीक, आणि हे जाऊन नांगर घालतील तर यांची. आणि संमतीचं काय, तर राज्याच्या रस्त्यावरून नुसतं चाललात तरी गुपचूप संमती दिलीत.

तिसरा घड्याळवाल्याचा पोरगा. जिवाला लागेल असं लिहितो. पहिल्यांदा कुंपण घालून ज्याने माझं म्हटलं, तिथून सगळं दुःख सुरू झालं म्हणतो. मी म्हटलं, हा तरी आपला. पुढे वाचते तर मुलींना काय शिकवायचं? पुरुषांना आवडेल असं वागायला.

तिघांच्याही पुस्तकात मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते.

हे कळलं आणि आठ-दहा महिन्यांत ते सगळं माझ्या दारी आलं.

आमच्या गावात हजेरीची वही फार मोठी गोष्ट. मयत असो, लग्न असो, गावकीची बैठक असो, घरटी एक माणूस आलं पाहिजे आणि वहीत त्याची खूण पडली पाहिजे. जे घर आलं नाही त्याच्यापुढे 'गै.' लिहितात, गैरहजर. तुमच्यापुढे दोन-चारदा 'गै.' पडलं की तुमच्या मयताला कोणी येत नाही. त्यामुळे माणूस जेवायचं विसरेल, वहीत सही करायचं विसरणार नाही. वरती काय लिहिलंय ते कोणी बघत नाही. वरती काही लिहिलेलंच नसतं.

पूर्वी बायका अंगठे लावायच्या. मला ते बघवायचं नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा दोन पावसाळे मी देवळाच्या ओट्यावर बायकांना बसवून सही शिकवली. एक्केचाळीस बायका. पुढचं काही नाही, फक्त आपापलं नाव. पहिल्यांदा वहीत सही केली तेव्हा एक म्हातारी आपल्या बोटाकडे बघून म्हणाली, "आज बोट कालं नाय झालं." त्या दिवशी मला वाटलं, आपण काहीतरी केलं आयुष्यात.

मग गावातल्या भाऊंनी बैठक बोलावली. भाऊ म्हणजे पूर्वी एकदा निवडून आलेले, अजून पांढरे कपडे घालतात. गावाचं क्लस्टर होणार, म्हणजे जुनी घरं पाडून मोठ्या इमारती येणार, रस्ता रुंद होणार, त्याची माहिती द्यायला कंपनीची माणसं येणार. आम्ही गेलो. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रात कारंजं होतं. खळं नव्हतं. माझ्या थोरल्या जावेने विचारलं, "आमचं खलं कुठं हाय यात?" तर टायवाला म्हणाला, "ते डिटेल्स नंतर." वडापाव आला, चहा आला, वही आली. आणि रांग लावली कोणी? मी. "अंगठा नाही गं, सही करा, मी शिकवलीय ना," असं म्हणत एकेकीला पुढे केली.

दोन महिन्यांनी घरोघर नोटीस आली. गावातल्या बहुसंख्य रहिवाशांनी स्वखुशीने संमती दिलेली आहे, खाडीलगतची पडीक जागा प्रकल्पात घेण्यात येत आहे, कोणास काही सांगायचे असल्यास कल्याणला कचेरीत सुनावणीस हजर राहावे.

पडीक. तोच शब्द. नोटिशीला यादी जोडलेली, यादीत त्या एक्केचाळीस जणी आणि मी.

जाऊ कागद घेऊन माझ्या दारात आली. तिला नाव तेवढं वाचता येतं. आपल्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "ही मीच ना गो? मी कवा हो बोलली?"

तिला कधी कळलं, मला माहीत नाही, पण मला त्याच क्षणी कळलं. ती वही. ते मी शिकवलेलं नाव. अंगठेच राहिले असते तर निदान कोणी म्हणालं असतं, या अडाणी बायका, यांना काय समजलं असणार. सही होती म्हणून संमती पक्की झाली. मीच त्यांच्या हातात पेन दिलं आणि मीच त्यांचा हात धरून खळं लिहून दिलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. खळ्यावर जायची लाज वाटायची. बायका काही बोलत नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाऊंकडे गेले. ते झोपाळ्यावर. "वहिनी, गावाच्या भल्याचं आहे," म्हणाले. "चार बायकांच्या हट्टापायी गाव अडवायचा का? गावाची इच्छा ती तुमची इच्छा. आज नाही कळणार, इमारतीत राहायला गेलात की कळेल." तो घड्याळवाल्याचा पोरगा अगदी हेच म्हणून गेलाय. सगळ्यांची मिळून एक इच्छा असते, आणि जो ऐकत नाही त्याला बळजबरीने मोकळं करायचं.

मग सरांकडे गेले. अकरा वर्षं मी त्यांच्या तोंडून हक्क हक्क ऐकलं होतं. म्हटलं, "सर, एक अर्ज लिहून द्याल का? आमच्या सह्या हजेरीच्या होत्या, त्यांनी संमतीला जोडल्या. तुम्ही शिकवता ना, लोकांच्या संमतीशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही."

सर दोन क्षण माझ्याकडे बघत राहिले. ट्रे बोलायला लागला तर माणूस कसा बघेल, तसे.

"तुम्ही ऐकता की काय हे सगळं?" म्हणाले. मग हसले. "अहो मावशी, ते पेपरात लिहायचं असतं. कचेरीत जाऊन बोलायचं नसतं. तिथले साहेब माझेच जुने विद्यार्थी. उगाच माझं नाव मध्ये आणू नका."

"सोमवारी सुनावणी आहे. येणार नाही मी."

"बरं. खाडा लिहून ठेवतो. तुमचं नाव काय हो?"

सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

सोमवारी आम्ही तेवीस जणी कल्याणला गेलो. बाकीच्या घाबरल्या, किंवा नवऱ्यांनी सोडल्या नाहीत. साहेब तरुण, माझ्या धाकट्या पुतण्याच्या वयाचे. बसायला एकच खुर्ची होती, ती त्यांनी बॅगेला दिली होती. आम्ही उभ्या.

"बोला. कोण बोलणार?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ज्या बाईमुळे हे झालं तिच्याकडे.

साहेबांनी फाईल उलटी करून माझ्यापुढे धरली. पहिलं पान टाईप केलेलं, आम्ही खाली सही करणारे स्वखुशीने संमती देत आहोत. त्यामागे आमच्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स.

"ही सही तुमची?"

"माझी."

"मग झालं तर."

"साहेब, ही हजेरीची वही आहे."

"वाचून सही करायची असते, आजी."

"वाचायला काही नव्हतं. हे पहिलं पान नंतर लावलंय."

"कशावरून?"

मी पानावर बोट फिरवत गेले. वाचता येणाऱ्या माणसाला वाचता येतं, तेवढं माझ्यापाशी होतं. चौदाव्या ओळीवर थांबले.

"इथे काय लिहिलंय, साहेब?"

"गै."

"गैरहजर. इथे पण. इथे पण. सहा घरांपुढे. संमतीच्या कागदावर गैरहजर कशाला लिहितात, साहेब?"

साहेबांनी पान बघितलं, पुढचं बघितलं, मागचं बघितलं. त्यांना कळलं. मी तुम्हाला शपथेवर सांगते, त्या पोराला कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने फाईल मिटली.

"हे तुमच्या गावातलं आतलं आहे. हरकत घ्यायची मुदत दिली होती. कचेरीच्या फळ्यावर नोटीस लावली होती. कोणी आलं नाही. गप्प राहिलात म्हणजे मान्य होतं."

"कल्याणच्या फळ्यावर लावलेलं आम्हाला खाडीवर कसं दिसणार?"

"आजी, कायदा असाच असतो. आणि घर घेतायत का तुमचं? मोकळ्या पडलेल्या जागेचा प्रश्न आहे. चिखल आहे तिथे."

तेव्हा माझी जाऊ पुढे आली. तिने दोन्ही तळहात साहेबांच्या टेबलावर उताणे ठेवले. कडक, भेगा पडलेले, चोपण्याच्या दांड्याने घट्टे पडलेले. "यो बघ चिखल," म्हणाली. "यो आमी जमीन केला."

साहेब मान वळवून कारकुनाला म्हणाले, "सुनावणी झाली. सह्या घ्या."

कारकुनाने वही आणली. लांब, लाल रेघेची, वरती काही न लिहिलेली. "हजर होता म्हणून सह्या करा. एकामागून एक या."

आणि माझ्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. सवयीने. पहिली तर पेन हातात घेऊन वाकलीसुद्धा.

"थांब!" मी ओरडले. आयुष्यात कचेरीत आवाज चढवला नव्हता. "कोणी सही करायची नाही."

कारकून म्हणाला, "नाही केलीत तर तुम्ही आलाच नाहीत असं लिहावं लागेल. मग निकाल एकतर्फी."

बघा आता. सही केली तर उद्या त्यावर पहिलं पान चढवतील. नाही केली तर आम्ही माणसंच नाही, तिथे कोणी आलंच नव्हतं. तीनशे वर्षं मोठमोठे लोक संमतीवर पुस्तकं लिहीत बसले, आणि ती संमती अशी घेतात. बोललात तर आतलं, गप्प बसलात तर मान्य, सही केलीत तर दिलंत, नाही केलीत तर नव्हतातच. कुठल्याही दाराने जा, बाहेर येताना खळं त्यांचं.

मी पेन घेतलं. रेघ सोडून, रुंद अक्षरात लिहिलं, "हजर. संमती नाही." त्याखाली नाव.

"शेरा चालणार नाही, फक्त सही," कारकून म्हणाला.

"झालाय लिहून."

"मग बाकीच्यांनी नुसती सही करा."

"मी त्यांच्यासाठीपण लिहिते."

"दुसऱ्याच्या वतीने चालत नाही."

मी मागे वळून बघितलं. बावीस बायका. प्रत्येकीला एकच शब्द लिहिता येत होता, तिचं स्वतःचं नाव. दोन पावसाळे हाताशी असताना मी त्यांना 'नाही' शिकवलं नव्हतं. कोणाला कधी लिहावं लागेल, असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जाऊ म्हणाली, "दाव मना. कसा लिवाचा त्यो?"

तिथेच, कचेरीच्या फरशीवर बसलो. नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर मी 'नाही' काढून दाखवलं. न, त्याला काना. ह, त्याला काना आणि दीर्घ वेलांटी. बोटांनी फरशीवर गिरवायला लागल्या सगळ्या. कारकून चिडला. "शाळा आहे का ही?"

"हो, शालाच हाय," जाऊ मान वर न करता म्हणाली. "बस तू पन."

मग एकेक उठली. वाकडं, मोठं, कुठे वेलांटी सुटलेली, कुठे ह उलटा. पण आधी नाही आणि मग नाव. माझ्यासकट अकरा जणींचं झालं आणि आतून घंटी वाजली. कारकुनाने वही ओढून घेतली. बारावी पेन धरून उभीच राहिली.

निकाल पंधरा दिवसांत आला. "काही महिला उपस्थित होत्या. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. हरकतीत तथ्य आढळून येत नाही." अकरा नाहींचा उल्लेख नाही. वहीची प्रत मागितली, दिली नाही. वर अर्ज केलाय, त्याला अजून उत्तर नाही. दरम्यान निळे पत्रे आले आणि खळ्याभोवती उभे राहिले. आत मशीन गेलं. पिढ्यांनी चोपलेली जमीन त्याने एका सकाळीत उकरून टाकली. पत्र्याच्या फटीतून आम्ही बघत होतो. जाऊ तिथेच खाली बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. आता ती बोलत नाही फारशी. जवळा सुकवायला जागा नाही. कोणी छपरावर टाकते, कोणी रस्त्याच्या कडेला, तिथे गाड्यांची धूळ बसते आणि गिऱ्हाईक हात लावत नाही. तीन घरांनी खाडीत जाणं सोडलं.

क्लास मी सोडला. दुसरीकडे भांडी घासते. कोणी हळहळू नका. मला हळहळ नको आहे.

आता घरांवर लाल रंगाने नंबर टाकून गेलेत. माझ्या दारावरपण आहे. खळ्यानंतर घरं, हे तेव्हाच ठरलेलं होतं. भाऊ सांगत फिरतायत की हरकत घेणाऱ्यांना नंतर काही मिळणार नाही. काही जणींनी नवऱ्यांच्या धाकाने नवीन कागदावर सह्या दिल्या. त्यांना मी दोष देत नाही. मी हसून 'हो सर' म्हटलेली बाई आहे. धाक काय असतो ते मला कळतं.

पण मी देणार नाही. वाचून देणार नाही आणि न वाचताही देणार नाही. हजेरीची, पोचपावतीची, चहा प्यायल्याची, कसलीच सही माझ्याकडून मिळणार नाही. गप्पही बसणार नाही, कारण गप्प म्हणजे मान्य, हे मला शिकवून झालंय. ज्या दिवशी मशीन माझ्या दाराशी येईल त्या दिवशी मी घरात असेन. मला चार जणांनी धरून उचलावं लागेल. मग पंचनामा होईल, त्याखाली जागा सोडलेली असेल, आणि कोणीतरी पेन पुढे करेल. मी हात मागे घेईन. या बाईला जबरदस्तीने बाहेर काढलं, हे त्यांना त्यांच्या हाताने लिहावं लागेल.